दोन ऑफिसांचे जुने ईपीएबीएक्स एकमेकांना जोडायचे आहेत, पैसे थोडे आहेत

कार्यालयीन

नमस्कार मंडळी. आमच्या संस्थेची दोन ऑफिसं आहेत, मुख्य ऑफिस आणि शाखा. मध्ये चार किलोमीटरचं अंतर. दोन्हीकडे आपापला ॲनालॉग ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसातलं छोटं टेलिफोन एक्स्चेंज, आहे. जुने आहेत, पण आजवर कुरकुर नाही. अडचण अशी की एकमेकांशी बोलायचं झालं की बाहेरची लाइन घ्यावी लागते. शाखेतला माणूस मुख्य ऑफिसचा नंबर फिरवतो, ऑपरेटर ताई उचलतात, 'लेखा विभाग द्या' म्हणायचं, त्या लावून देतात. तिथे कुणी नसेल तर कॉल परत ताईंकडे. त्या जागेवर नसल्या तर रिंग वाजत राहते.

हे चालू असेपर्यंत दोन्ही ऑफिसांची एकेक बाहेरची लाइन अडकलेली असते. आमच्याकडे अडलेली माणसं मदतीसाठी फोन करतात आणि त्यांना बिझी ऐकू येतं, याचं मला सगळ्यात वाईट वाटतं.

एका विक्रेत्याने दोन्ही एक्स्चेंज काढून सगळीकडे आयपी फोन (नेटवर्कवर चालणारे फोन) लावायचा प्रस्ताव दिला. प्रस्ताव चांगला आहे, पण आमच्याकडे मंजूर झालेली रक्कम त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास आहे. शाखेतल्या टेबलावरून मुख्य ऑफिसच्या टेबलावर इंटरकॉमसारखं थेट बोलता यावं आणि तिकडूनही तसंच इकडे, एवढीच गरज आहे.

दोन्हीकडे ब्रॉडबँड आहे. शाखेत एक फॅक्स आहे. आतले नंबर दोन्हीकडे १०१ पासूनच सुरू होतात, त्याचं काय करायचं तेही कळत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

तांब्याची_तार

एक्स्चेंज ठेवून नक्की जमेल. पण काहीही विकत घेण्याआधी दोन्ही खोके उघडून बघा आणि इथे लिहा: ट्रंक पोर्ट (बाहेरची लाइन लागते ते) किती आणि त्यातले रिकामे किती, एक्स्टेन्शन पोर्ट (टेबलावरचे फोन लागतात ते) किती आणि त्यातले रिकामे किती. मॉडेल नंबरावरून अंदाज करू नका, आत बसवलेली कार्डं मोजा. रिकामा एक्स्टेन्शन पोर्ट दिसला तर साधा फोन लावून डायल टोन येतो का ते बघा. पुष्कळदा पोर्ट बिघडलेला असतो म्हणूनच रिकामा असतो. रिकामा ट्रंक पोर्ट तपासायची सोपी युक्ती म्हणजे आपल्याच एक्स्चेंजचं एक एक्स्टेन्शन त्यात लावायचं आणि त्या एक्स्टेन्शनला फोन करायचा. ट्रंकचा दिवा लुकलुकला आणि ऑपरेटरकडे रिंग वाजली की पोर्ट जिवंत.

आता मूळ गोष्ट. एक्स्टेन्शन पोर्ट हा देणारा असतो. तो लाइनवर डीसी व्होल्टेज देतो, डायल टोन देतो, आणि रिंग वाजवायची तेव्हा ७०-९० व्होल्ट एसी सोडतो. ट्रंक पोर्ट हा घेणारा. तो बाहेरच्या लाइनसमोर स्वतः टेलिफोनसारखा वागतो: रिंग ओळखतो, लाइन उचलतो, नंबर फिरवतो. जोडायचं ते नेहमी देणाऱ्याला घेणारा. म्हणजे मुख्य ऑफिसचं एक एक्स्टेन्शन हे शाखेच्या ट्रंक पोर्टाला बाहेरची लाइन म्हणून द्यायचं. दोन एक्स्टेन्शन एकमेकांना कधीही जोडू नका. दोन्ही बाजू व्होल्टेज देणाऱ्या, त्यात एकीने रिंग सोडली की दुसरीचं कार्ड जाऊ शकतं.

दोन्ही इमारती एका आवारात असत्या तर एक पेअर (दोन तारांची जोडी) ओढून काम झालं असतं. अर्ध्या मिलिमीटरच्या तांब्याला जाऊन-येऊन किलोमीटरमागे साधारण १७५ ओहम रोध येतो, तेवढा एक्स्टेन्शन कार्डाला बहुतेक वेळा झेपतो. दोन्ही टोकांना मात्र वीजरोधक (आकाशातल्या विजेपासून वाचवणारे) लावावेच लागतात. तुमच्या मध्ये चार किलोमीटर आणि सार्वजनिक रस्ता आहे, तेव्हा स्वतःची तार विसरा. देणारा-घेणारा हा नियम मात्र विसरू नका, पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे.

कार्यालयीन

धन्यवाद. आज दोन्हीकडे जाऊन मोजून आलो, तुम्ही सांगितली तशी पोर्टची तपासणीही केली.

मुख्य ऑफिस: ८ ट्रंक पोर्ट, ५ वापरात. २४ एक्स्टेन्शन, १९ वापरात, उरलेल्या ५ पैकी एक मेलेलं.
शाखा: ३ ट्रंक पोर्ट, १ वापरात. ८ एक्स्टेन्शन, ६ वापरात.

मागच्या आठवड्यात ऑपरेटर ताईंनी वहीत दोन ऑफिसांमधल्या कॉलची नोंद ठेवली. सगळ्यात गर्दी सकाळी दहा ते अकरा. त्या तासात दहा कॉल, त्यातले सात शाखेतून मुख्य ऑफिसला आणि तीन उलटे. सरासरी तीन मिनिटं.

पॅकेटवाला

वहीतली नोंद फार कामाची आहे. लाइनी किती लागतील याचा हिशेब त्यावरूनच निघतो. दहा कॉल गुणिले तीन मिनिटं म्हणजे तासात ३० मिनिटं, म्हणजे अर्धा अर्लांग (एक लाइन तासभर सतत व्यापली तर एक अर्लांग). आग्नर अर्लांग या डॅनिश गणितज्ञाने १९१७ साली मांडलेलं सूत्र आजही तसंच वापरतात. त्यात अर्धा अर्लांग घातला तर:

१ लाइन असेल तर तिघांत एकाला बिझी मिळेल.
२ लाइनी: साधारण तेरांत एकाला.
३ लाइनी: साधारण ऐंशीत एकाला.

म्हणजे तीन लाइनी भरपूर झाल्या. एकाच ऑफिसात दहा माणसं असोत की तीस, लाइनी ठरतात त्या गर्दीच्या तासातल्या बोलण्याच्या मिनिटांवर.

आता जोडणी. तार नाही तर तारेच्या जागी इंटरनेट वापरायचं, आणि दोन टोकांना दोन छोटे गेटवे, म्हणजे फोनचा आवाज इंटरनेटवर नेणारे खोके. एफएक्सओ गेटवे मुख्य ऑफिसात, कारण तो घेणारा आहे. तो तिथल्या रिकाम्या एक्स्टेन्शनला लागेल. एफएक्सएस गेटवे शाखेत, कारण तो देणारा आहे. तो शाखेच्या ट्रंक पोर्टाला लागेल. नावांचा गोंधळ होत असेल तर एवढं लक्षात ठेवा: 'एस'ला स्टेशन म्हणजे फोन जोडायचा, 'ओ' हा ऑफिसला म्हणजे एक्स्चेंजला जोडायचा. दोघे आपसांत एसआयपीवर (इंटरनेटवरून कॉल लावायची पद्धत) बोलतात. एफएक्सएसला हॉटलाइन लावायची, म्हणजे शाखेने ट्रंक उचलली रे उचलली की तो समोरच्या गेटवेला हाक मारतो, तो मुख्य ऑफिसचं एक्स्टेन्शन उचलतो आणि शाखेतल्या माणसाला मुख्य ऑफिसचा डायल टोन ऐकू येतो. मग सरळ १०५ दाबायचे.

दोन गेटवे एकमेकांचे आयपी पत्ते ओळखून थेट बोलू शकतात, मध्ये सर्व्हर लागत नाही.

निळा_मफलर

थोडा वेगळा विचार मांडतो. खरंच सगळ्यांना सगळ्यांशी बोलायचं आहे का? वहीत बघा, सातपैकी किती कॉल एकाच टेबलावरून होतात? आमच्याकडे असंच होतं. शेवटी असं निघालं की गोदामातला एकच माणूस ऑफिसला फोन करतो. त्याच्या टेबलावर ऑफिसचं एक एक्स्टेन्शन नेऊन ठेवलं: इकडे एफएक्सओ, तिकडे एफएक्सएस आणि त्याला साधा फोन. दोन एक्स्चेंज जोडायचा प्रश्नच उरला नाही.

कार्यालयीन

@निळा_मफलर, वही पुन्हा बघितली. सातपैकी चार रोखपालांचे आहेत, बाकीचे विखुरलेले. तुमच्या पद्धतीने निम्मं काम होईल. पण त्यांच्या टेबलावर आधीच एक फोन, एक कॅल्क्युलेटर आणि पावती पुस्तकांचा ढीग आहे, आणि एक फोन वाजताना दुसरा उचलायचा गोंधळ त्यांना नको आहे. विचारून आलो.

रात्रपाळी

मध्येच शिरतो. ज्यांच्या एक्स्चेंजमध्ये ई-१ चं (एकाच डिजिटल लाइनवर अनेक कॉल नेणारं) कार्ड आधीपासून आहे त्यांनी पीआरआयचा, म्हणजे त्या लाइनवरच्या डिजिटल जोडणीचा, विचार करावा. एका ई-१ वर २.०४८ मेगाबिटमध्ये ३० बोलण्याच्या वाटा मिळतात, आणि दोन्ही एक्स्चेंजना क्यूसिग (एक्स्चेंजनी आपसांत बोलायची भाषा) येत असेल तर फोन करणाऱ्याचं नाव-नंबरसुद्धा पलीकडे दिसतं. धागाकर्त्यांच्या खोक्यात ते कार्ड नाही आणि तीन लाइनींसाठी घेऊही नये. वाचणाऱ्या इतरांसाठी लिहिलं.

इंटरनेटबद्दल मात्र कळकळीने सांगतो. गेटवेचा ५०६० पोर्ट (इथे पोर्ट म्हणजे इंटरनेटवरून एसआयपीचे कॉल आत येतात तो दरवाजा) राउटरमधून बाहेर उघडू नका. मी एके ठिकाणी 'दोनच दिवसांसाठी' म्हणून उघडला होता. शुक्रवारी संध्याकाळी उघडला. सोमवारी सकाळी लॉग बघितला तर कुणीतरी आमच्या बाहेरच्या लाइनवरून परदेशातल्या महागड्या नंबरांना शेकडो कॉल केले होते. ते बिल ऑफिसला भरावं लागलं. असे पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्राम चोवीस तास चालू असतात.

दोन्ही राउटरमध्ये व्हीपीएन (इंटरनेटमधून जाणारा खाजगी बोगदा) करा आणि गेटवे एकमेकांना फक्त त्या बोगद्यातून दिसू द्या. राउटरला वायरगार्ड हे व्हीपीएन येत असेल तर उत्तम. एकाच ऑफिसला स्थिर सार्वजनिक पत्ता असला तरी पुरतं, दुसऱ्याने आपणहून जोडून घ्यायचं आणि २५ सेकंदांचा कीपअलाइव्ह (वाट जिवंत ठेवणारं छोटं पॅकेट) ठेवायचा. टीसीपीवर चालणारं व्हीपीएन आवाजासाठी घेऊ नका. एखादं पॅकेट हरवलं की ते परत मागवण्यात मागचा सगळा आवाज खोळंबतो.

बँडविड्थ: जी.७११ (आवाजाचे आकडे करायची एक पद्धत) चा आवाज सेकंदाला ६४ किलोबिट, त्यावर हेडर धरून इथरनेटवर ८७, व्हीपीएनसकट ११० च्या पुढे. एका कॉलला सव्वाशे धरा. तीन कॉल म्हणजे चारशेच्या आत, दोन्ही दिशांना. डाउनलोड किती आहे ते कुणीही सांगेल, तुम्ही अपलोड बघा. कमी पडत असेल तर जी.७२९ घ्या, त्याचा आवाज ८ किलोबिटात बसतो आणि २०१७ पासून त्याला पेटंटचं शुल्कही नाही. पण अपलोड पुरत असेल तर जी.७११ च ठेवा, आवाज खुला येतो. शाखेतून मुख्य ऑफिसला पिंग करून (पॅकेट जाऊन यायला किती वेळ लागतो ते मोजून) बघा. एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत हवा, तुमच्या अंतराला तो त्याच्या जवळपासही जाणार नाही.

उंबरठा

चार किलोमीटर आहे तर छतावरून छतावर ५ गिगाहर्ट्झचा वायरलेस ब्रिज का नको? इंटरनेटवर अवलंबून राहायला नको.

पॅकेटवाला

@उंबरठा, एकमेकांची छतं दिसत असतील तर उत्तम पर्याय आहे. पण नुसतं दिसून भागत नाही. चार किलोमीटरला मधोमध सुमारे सात मीटर त्रिज्येचा पट्टा लागतो आणि त्यातला ६० टक्के तरी झाडं-इमारतींपासून मोकळा हवा. शिवाय खांब, अर्थिंग, वीजरोधक आलेच. ब्रॉडबँडचे पैसे दोन्हीकडे आधीच जात आहेत, म्हणून मी ते सुचवलं.

जुना_वाचक

मध्ये एक छोटा कॉम्प्युटर ठेवून ॲस्टेरिस्क (कॉम्प्युटरला टेलिफोन एक्स्चेंज बनवणारा प्रोग्राम) घातलं तर? १९९९ पासून आहे, फुकट आहे, आणि नंबरांचा सगळा गोंधळ त्यातच सोडवता येतो. शाखेला २०५ दाबलं की तो पलीकडे १०५ करून देईल.

तांब्याची_तार

@जुना_वाचक, ॲस्टेरिस्क उत्तम आहे, मी स्वतः तीन ठिकाणी चालवतो. पण प्रश्न असा की उद्या ते बंद पडलं तर त्या ऑफिसात कोण बघणार? गेटवे बंद पडला तर प्लग काढून लावला की बहुतेक वेळा चालू होतो, ते ऑपरेटर ताईही करतील. जिथे लिनक्स जाणणारा माणूस रोज हजर असतो तिथेच मी कॉम्प्युटर ठेवतो. कार्यालयीन यांनी असं कुणी असल्याचं लिहिलेलं नाही.

नंबर बदलायचीही गरज नाही. शाखेत त्या ट्रंकसाठी समजा ८१ ठेवलं, तर ८१ दाबलं की मुख्य ऑफिसचा टोन येणार, त्यानंतरचे १०५ हे मुख्य ऑफिसचेच. दोन टप्पे असल्यामुळे टक्कर होतच नाही.

कार्यालयीन

ठरवलं. आधी एकच वाट करून बघणार: एक पोर्टचा एफएक्सओ, एक पोर्टचा एफएक्सएस. राउटर दोन्हीकडचे जुनेच, त्यांत व्हीपीएन आहे. मुख्य ऑफिसातून शाखेला फोन करायचा तर शाखेची ट्रंक वाजेल, तिथे डिसाचं कार्ड आहे, ते निरोप ऐकवून एक्स्टेन्शन नंबर विचारेल. फॅक्सचं काय करू?

रात्रपाळी

फॅक्स आहे त्या बाहेरच्या लाइनवरच राहू द्या. टी.३८ या फॅक्ससाठीच्या पद्धतीने इंटरनेटवरून जातो, पण एका मशीनसाठी त्यात पडू नका.

कार्यालयीन

तीन आठवड्यांनी लिहितोय. आधी चांगलं सांगतो. शाखेत रोखपालांच्या फोनवरून ८१ दाबलं, एक टिक आवाज आला आणि मुख्य ऑफिसचा डायल टोन ऐकू आला. आमच्या मुख्य एक्स्चेंजचा टोन शाखेपेक्षा जरा खर्जातला आहे, म्हणून लगेच ओळखू आला. १०५ दाबले आणि लेखा विभागात सहकारी 'हॅलो' म्हणाल्या. मध्ये ऑपरेटर नाही, बाहेरची लाइन नाही. रोखपालांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि म्हणाले, 'बोला तुम्ही आधी.'

आता अडचणी.

एक: कधी कधी १०५ दाबले की पलीकडे ११०५ पोचतात आणि चुकीचा टोन येतो.

दोन: शाखेतल्या माणसाला स्वतःचाच आवाज घुमून परत ऐकू येतो. मुख्य ऑफिसात स्वच्छ.

तीन, आणि ही मोठी: मागच्या शनिवारी दुपारी सगळे गेल्यावर लाइन अडकली ती सोमवारी सकाळी मी केबल उपसली तेव्हा सुटली. शाखेच्या एक्स्चेंजवर तिसऱ्या ट्रंकचा दिवा लागलेला, मुख्य ऑफिसात १२४ (एफएक्सओ लावलेलं एक्स्टेन्शन) बिझी. गेटवेच्या नोंदीत कॉलची लांबी ४४ तास २० मिनिटं. शनिवारी एक वाजून वीस मिनिटांनी मुख्य ऑफिसातून कुणीतरी १२४ फिरवला, डिसाचा निरोप ऐकला आणि फोन ठेवून दिला. एवढंच झालं होतं. आमचं डिसा कार्ड निरोप संपला की पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं. दोन दिवस ते कुणालाही नाही अशा लाइनवर 'कृपया एक्स्टेन्शन नंबर दाबा' म्हणत राहिलं.

पॅकेटवाला

पहिली अडचण: अंक दोन वाटांनी जात आहेत. एकदा आवाजातून आणि एकदा वेगळ्या पॅकेटमधून. पलीकडचा गेटवे दोन्ही ऐकतो आणि कधी एक अंक दोनदा फिरवतो. दोन्ही गेटवेत डीटीएमएफची (बटणांच्या सुरांची) एकच पद्धत ठेवा, आरएफसी २८३३, म्हणजे वेगळ्या पॅकेटवाली. आवाजातली बंद करा.

दुसरी: घुमण्याचा उगम आवाज जिथून परत येतो तिथे असतो, ऐकणाऱ्याकडे नसतो. तुमच्या बाबतीत तो मुख्य ऑफिसच्या एफएक्सओ पोर्टावर आहे. दोन तारांवर जाणारा-येणारा आवाज एकत्र असतो, तो वेगळा करताना इम्पिडन्स (लाइनचा आवाजाला होणारा रोध) जुळला नाही की थोडा परत फिरतो. साध्या तारेवर हे होतच असतं, पण लगेच परत येत असल्यामुळे कळत नाही. पॅकेटांमुळे उशीर झाला की तोच आवाज वेगळा ऐकू येतो. एफएक्सओमध्ये ६०० ओहम सोडून बाकीच्या इम्पिडन्स एकेक करून बघा, एको कॅन्सलर (घुमणं कापणारी सोय) चालू आहे ना ते बघा, आणि गेन (आवाजाची पातळी) दोन-तीन डेसिबल खाली आणा.

तिसरीबद्दल तांब्याची_तार यांनीच लिहावं.

तांब्याची_तार

४४ तासांचं वाचून वाईट वाटलं, कारण डिसाचं तुम्ही लिहिलंत तेव्हाच मी सांगायला हवं होतं.

ॲनालॉग लाइनवर कॉल लावण्याची खूण स्पष्ट असते. रिसीव्हर उचलला की सर्किट पुरं होतं, करंट वाहायला लागतो. पण कॉल संपल्याची खूण दोन्ही बाजूंना सारखी नसते. ट्रंक पोर्टाच्या बाजूच्या माणसाने फोन ठेवला तर ट्रंक सर्किट तोडते, करंट थांबतो, एफएक्सएस गेटवेला तत्क्षणी कळतं. पण एक्स्टेन्शन पोर्टाच्या बाजूच्या माणसाने फोन ठेवला तर एक्स्चेंज काय करतं? त्या एक्स्टेन्शनला बिझी टोन ऐकवतं आणि करंट तसाच चालू ठेवतं. टेबलावर माणूस असता तर टोन ऐकून त्याने रिसीव्हर ठेवला असता. तुमच्याकडे त्या जागी एफएक्सओ गेटवे बसला आहे. त्याला तो टोन ओळखता आला नाही तर तो लाइन धरून बसतो. पलीकडे डिसा कार्ड, तेही यंत्र. दोन यंत्रं समोरासमोर, फोन ठेवणारं कुणीच नाही.

पहिला उपाय म्हणजे गेटवेला तुमच्या एक्स्चेंजचा बिझी टोन शिकवणे. किती हर्ट्झ, किती वेळ आवाज, किती वेळ शांतता. खाजगी एक्स्चेंजचा टोन टेलिफोन कंपनीच्या टोनसारखाच असेल असं नाही, म्हणून तयार देशाचं सेटिंग निवडून बरेचदा भागत नाही. मोबाइलवर टोन रेकॉर्ड करा आणि आवाजाच्या एखाद्या प्रोग्राममध्ये उघडून मोजा. काही एक्स्चेंज कॉल संपल्यावर क्षणभर करंट तोडतात किंवा पोलॅरिटी (तारांचं अधिक-उणे) उलटवतात. तुमचं तसं करत असेल तर ती खूण टोनपेक्षा जास्त भरवशाची.

पण मी तुमच्या जागी असतो तर जोडणीच बदलली असती. एका वाटेवरून दोन्ही दिशांचे कॉल नेऊ नका. शाखेतून मुख्य ऑफिसला जाणाऱ्या वाटा वेगळ्या, मुख्य ऑफिसातून शाखेला जाणारी वेगळी:

शाखा ते मुख्य: शाखेच्या ट्रंकला एफएक्सएस, मुख्य ऑफिसच्या एक्स्टेन्शनला एफएक्सओ. हे तुमचं झालेलंच आहे.
मुख्य ते शाखा: मुख्य ऑफिसच्या ट्रंकला एफएक्सएस, शाखेच्या एक्स्टेन्शनला एफएक्सओ.

यात काय साधतं बघा. फोन लावणारा माणूस कायम ट्रंकच्या बाजूला राहतो. त्याने फोन ठेवला की सर्किट तुटतं आणि वाट मागून पुढपर्यंत मोकळी होते, टोन ओळखायची गरजच नाही. समोरच्याने आधी ठेवला तर लावणाऱ्याच्या कानात बिझी टोन येतो आणि तो ठेवतो. दोन्ही प्रसंगी शेवट माणसाच्या हातात. डिसा नको, त्यामुळे मुख्य ऑफिसातल्या माणसालाही ८२ दाबल्यावर निरोप ऐकत बसावं लागत नाही, शाखेचा डायल टोन मिळतो. दोघांनी एकाच क्षणी एकच वाट दोन टोकांनी उचलायची, ते भांडणही मिटतं. १२४ वर मात्र कुणाला फोन करता येणार नाही असं करून ठेवा, म्हणजे सवयीने कुणी फिरवणार नाही.

पोर्ट तुमच्याकडे आहेत. गर्दी सात आणि तीन अशी आहे, तर शाखेकडून दोन वाटा आणि मुख्यकडून एक.

रात्रपाळी

वरच्या जोडणीत एक कुलूप लावायचं राहू नये. शाखेतल्या माणसाला मुख्य ऑफिसचा डायल टोन मिळतो, म्हणजे तो शून्य दाबून मुख्य ऑफिसची बाहेरची लाइनही घेऊ शकतो. एफएक्सओला जोडलेल्या सगळ्या एक्स्टेन्शनना बाहेरची लाइन बंद करा. ट्रंकवरून आलेला कॉल दुसऱ्या ट्रंकवर देण्याची सोयही बंद. काही देशांत बाहेरच्या टेलिफोन लाइनी आणि इंटरनेटवरचा आवाज एकत्र करण्यावर कायदेशीर बंधनं आहेत, तेव्हा फक्त आतल्या आतच बोलणं राहिलेलं बरं.

आणखी एक, जिवाशी गाठ असलेलं. आग लागली, कुणाला काही झालं, तर शाखेतून आपत्कालीन नंबर शाखेच्याच बाहेरच्या लाइनवरून गेला पाहिजे. मुख्य ऑफिसच्या लाइनवरून गेला तर मदत चार किलोमीटर लांबच्या पत्त्यावर पोचेल. हे प्रत्येक टेबलावर लिहून ठेवा.

कार्यालयीन

सगळं करून, महिनाभर वापरून मग लिहितोय.

वाटा तांब्याची_तार यांनी सांगितल्या तशाच: शाखेकडून दोन, मुख्यकडून एक. आणखी दोन जोड्या गेटवे घेतले, तरी मंजूर रकमेत बसलं आणि दोन्हीकडच्या गेटवे-राउटरसाठी छोटे यूपीएसही त्यातच आले. यूपीएसची आठवण वीज गेल्यावर झाली. एक्स्चेंज बॅटरीवर चालू होता, गेटवे बंद. दिवा लागलेला, आवाज नाही.

आरएफसी २८३३ केल्यापासून ११०५ चा प्रकार एकदाही नाही. घुमणं चौथ्या इम्पिडन्सवर जवळजवळ गेलं, आणि गेन तीन डेसिबल कमी केल्यावर पूर्ण गेलं. बिझी टोनही मोजून घातला, राखीव उपाय म्हणून: अर्धा सेकंद आवाज, अर्धा सेकंद शांतता. गेटवेत आधी वेगळेच आकडे होते.

एक्स्टेन्शन १२२ आणि १२४ ना (शाखेत १०८ ला) बाहेरची लाइन बंद आहे. शाखेत प्रत्येक फोनवर पट्टी चिकटवली: 'मुख्य ऑफिस: ८१, टोन ऐका, मग नंबर. आपत्कालीन: शून्य, मग नंबर.' मुख्य ऑफिसात तशीच ८२ ची. पहिल्या आठवड्यात लोक टोन यायच्या आधीच अंक दाबत होते. ज्यांच्या फोनवर मेमरीची बटणं आहेत त्यांना ८१ नंतर दोन सेकंदांचा पॉज घालून नंबर भरून दिले.

ताईंनी परत आठवडाभर वही ठेवली. दहा ते अकरात आता पंधरा कॉल होतात. सोपं झालं तसे वाढले. अडकलेली लाइन एकही नाही.

तांब्याची_तार

छान झालं. एक चाचणी राहिली असेल तर करा: कॉल चालू असताना राउटरची केबल काढा. फोन कुणी ठेवायचा नाही. मुख्य ऑफिसचं एक्स्टेन्शन आपोआप सुटतं का ते बघा. इंटरनेट मध्येच गेलं तर 'कॉल संपला' हा निरोप पलीकडे पोचतच नाही, आणि तेव्हा पुन्हा ४४ तास होऊ शकतात. गेटवेत आवाजाची पॅकेटं थांबल्यावर कॉल तोडायची वेळ असते, ती चालू हवी.

कार्यालयीन

आत्ताच केलं. एका गेटवेत ती वेळ बंदच होती, बाकीच्या दोन्ही एफएक्सओंमध्ये ६० सेकंद. तिन्हीकडे ३० केली. शाखेतल्या रोखपालांना लाइनवर ठेवून केबल काढली आणि घड्याळ लावून १२४ च्या दिव्याकडे बघत उभा राहिलो. ३१ व्या सेकंदाला विझला.